पालद्याची शेड, वेअरहाउस की कोल्ड स्टोरेज: माल ठेवायचा कुठं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे समजण्यात काही चुकलं असेल तर लगेच कळेल. तुम्ही इंदूरचे, काका छावणी मंडीत व्यापार करतात, पण माल घेऊन थांबण्याचं काम तुम्ही पहिल्यांदाच करताय. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ४० टन सोयाबीन, मार्चात १५ टन हरभरा आणि एप्रिलमध्ये ७ टन लसूण घ्यायचा आणि प्रत्येक माल तीन-चार महिने ठेवायचा असा बेत आहे. पालद्याला १,५०० चौरस फुटांची शेड ११ महिन्यांच्या किरायानाम्यावर मिळते आहे. ती घ्यावी, की माल वेअरहाउसला द्यावा, आणि कोल्ड स्टोरेज लागेल का, हे तुम्हाला ठरवायचं आहे. शिवाय पुढंमागं लवंग-मिरी आयात करायचा विचार असल्यानं बॉन्डेड म्हणजे काय, तेही विचारलंय.

तुम्ही दोन्हीकडचा चौरस फुटाचा भाव काढून तुलना केली आहे. ती तुलनाच जुळत नाही, कारण शेड घेता तेव्हा तुम्ही जागा घेता आणि वेअरहाउसमध्ये माल ठेवता तेव्हा राखणदार घेता. शेडमध्ये पाणी शिरलं, पोती कमी भरली, भुंगा लागला, तर तो तुमचा प्रश्न. मालकानं फक्त चार भिंती दिल्यात. वेअरहाउसवाला मात्र माल ‘ठेव’ म्हणून घेतो. १८७२च्या करार कायद्यात याला निक्षेप म्हणतात, आणि ठेव घेणाऱ्यानं स्वतःच्या मालाइतकीच काळजी घ्यायची असते. वजन आणि प्रत लिहून त्यानं पावती दिली की त्या पावतीप्रमाणे माल परत द्यायची जबाबदारी त्याची. महाराष्ट्रात अशा ठिकाणाला वखार म्हणतात. आपल्याकडे वखार म्हटलं की लोक लाकडाची समजतात, म्हणून इथं सगळे वेअरहाउसच म्हणतात.

तेव्हा पहिला प्रश्न असा की माल कोणाच्या ताब्यात राहणार, आणि त्याचा कागद तुमच्या हातात काय येणार. दुसरा प्रश्न, त्या मालाला हवा कशी लागते. किराया तिसऱ्या नंबरावर येतो.

आता तुमचा हंगाम बघा. सोयाबीन नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हरभरा मार्च ते जुलै, लसूण एप्रिलपासून. तिन्ही माल एका वेळी आत नसतातच. ४० टन म्हणजे ५० किलोची ८०० पोती. आडवं पोतं साधारण ३ फूट बाय २ फूट जागा घेतं आणि ६-७ इंच जाड असतं. १४ पोत्यांची थप्पी लावली तर उंची ८ फुटांच्या आसपास जाते आणि एका थरात ५७ पोती बसतात, म्हणजे ३५० चौरस फुटांच्या आत. वेगवेगळ्या ओलीचा माल वेगळा ठेवायला दोन थप्प्या करा, भिंतीपासून आणि दोन थप्प्यांच्या मध्ये अडीच-अडीच फुटांची वाट सोडा. तरी ६०० चौरस फुटांत काम होतं. हरभऱ्याच्या ३०० पोत्यांना याच हिशेबानं १३०-१४० चौरस फूट आणि भोवतालची वाट. १,५०० फुटांची शेड घेऊन अर्ध्याहून जास्त जागेचा किराया तुम्ही वाऱ्याला भराल, आणि शेवटचे काही महिने तर सगळ्याच जागेचा. वेअरहाउस पोत्यामागं किंवा क्विंटलमागं महिन्याचा दर लावतं, माल गेला की मीटर बंद. वर्षभर सतत फिरता माल असेल तर शेड स्वस्त पडते, हंगामी मालाला सहसा पडत नाही.

मात्र काही गोष्टी खरोखर परिस्थितीवर आहेत. तुमचा माल रोज थोडा थोडा विकला जाणार असेल, चाळणी-प्रतवारी तुम्हीच करणार असाल, किंवा घरचा माणूस दिवसभर तिथं बसू शकत असेल, तर शेडच बरी. वेअरहाउसमधून दर दोन दिवसांनी पाच पोती काढायची म्हटलं तर हमाली आणि पावतीची लिखापढी जीव काढते.

शेडच घ्यायची ठरली तर सौदा करण्याआधी एवढं बघा.

मालव्यातली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात फाटते. काळी माती उपसून खाली मुरूम भरला नसेल तर दोन-तीन पावसाळ्यांत फरशीला भेगा पडतात आणि त्यातून ओल वर येते. फरशी वरून कोरडी दिसते, पण खालच्या थराची पोती तळाशी काळी पडतात. तपासायला सोपा उपाय आहे. मीटरभर लांब-रुंद, जाड पॉलिथिन फरशीवर पसरा, चारी कडा चिकटपट्टीनं बंद करा आणि दुसऱ्या दिवशी उचला. आतून थेंब दिसले तर ओल खालून येते आहे. अशी जागा स्वस्त असली तरी सोडा. फरशी रस्त्यापेक्षा निदान अडीच-तीन फूट उंच हवी. त्यानं पाणी अडतं, उंदीर कमी येतात आणि ट्रकच्या फाळक्याला लागून पोती उतरवता येतात.

छत भर दुपारी बघायचं. शटर बंद करून आत पाच मिनिटं उभं राहा, जिथून उजेडाचा ठिपका दिसेल तिथून पाणी येणार. बहुतेक गळती पत्र्याच्या मधून होत नाही. ती दोन शेडच्या मधल्या पन्हाळीतून आणि स्क्रूच्या कुजलेल्या वॉशरमधून होते. दोन शेड एकमेकांना चिकटून असतील तर मधली पन्हाळ पावसाळ्याआधी कोण साफ करणार, हे किरायानाम्यात लिहून घ्या. सर्वांत वरचं पोतं आणि पत्रा यांत तीन फूट तरी अंतर ठेवा, नाहीतर मे महिन्यात वरचे दोन थर भाजतात.

ट्रक आत वळतो का, हे जागेवर एकदा गाडी नेऊनच कळतं. नकाशावर सगळंच रुंद दिसतं. शहरात दिवसा जड वाहनांना मनाई असते, त्यामुळे माल रात्री उतरेल. रात्रीचे हम्माल कुठून येणार आणि वजनकाटा रात्री उघडा असतो का, हे आधी विचारून ठेवा. या बाबतीत देवास नाका-लसूडिया बाजू सोपी पडते, कारण ट्रान्सपोर्टवाले तिथंच आहेत. सियागंजच्या आतल्या गोदामात माल नेण्याआधी दोनदा विचार करा. तिथं किराण्याचा व्यापार चालतो तो हातगाडीनं, ४० टन सोयाबीन तिथं नेणं म्हणजे बोळात हत्ती.

आता सोयाबीनचं. सोयाबीनला गव्हासारखा सोंडकिडा लागत नाही, त्याचा शत्रू ओल. प्लांटवाले, म्हणजे सोयाबीनचं तेल काढणारे कारखाने, ‘२-२-१०’ म्हणतात ते तुम्हाला ठाऊक असेलच: २ टक्के माती-कचरा, २ टक्के डागी दाणा, १० टक्के ओल. मंडीत ऑक्टोबरमध्ये येणारा माल, विशेषतः परतीचा पाऊस पडून गेल्यावर, १३-१४ टक्क्यांचा असतो. १२च्या वरचा माल थप्पी लावून ठेवू नका. ओला दाणा श्वास घेत राहतो, त्यातून ऊब निघते, उबेतून बुरशी धरते आणि थप्पीच्या पोटात दाणा तांबडा पडायला लागतो. तेलात आम्लता वाढली की प्लांट सरळ भाव कापतो. बाहेरच्या पोत्यांवर काहीच दिसत नाही, म्हणून पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा लांब लोखंडी सळई थप्पीच्या मध्यापर्यंत खुपसा, १५ मिनिटांनी काढा आणि मुठीत धरा. कोमट लागली तर त्याच दिवशी थप्पी मोडून पोती हवेला लावा.

माल घेताना परखी, म्हणजे नमुना काढायची टोकदार नळी, फक्त समोरच्या पोत्यांत मारू नका. दहा पोत्यांमागं निदान एक, तीही ढिगाच्या आतली आणि तळची. ओल मोजायचं मीटर स्वतःचं ठेवा आणि हंगामाच्या सुरुवातीला प्लांटच्या मीटरशी एकदा ताडून बघा. अर्ध्या टक्क्याचा फरक इथंच सापडला तर पुढचे वाद वाचतात.

बियाण्यासाठी सोयाबीन ठेवायचं असेल तर ते वेगळंच प्रकरण आहे. त्याचं साल पातळ असतं. ४० किलोच्या पोत्यांची थप्पी आठाच्या वर नको, पोती आपटायची नाहीत, आणि ओल १०च्या आत. वरच्या वजनानं दाणा चिरडला की उगवण गेली. असा माल व्यापारी थप्पीत मिसळू नका.

ओलीचा पैशातला हिशेबही बघून घ्या, कारण नवे लोक हा खर्च धरतच नाहीत. १२ टक्के ओलीचा माल वाळून १० वर आला तर वजन ८८ भागिले ९० होतं, म्हणजे १०० किलोचे ९७.८ किलो. समजा खरेदी ४,५०० रुपये क्विंटलनं आहे. भांडवलावर वर्षाला १२ टक्के व्याज धरलं तर महिन्याला ४५ रुपये, चार महिन्यांचे १८०. गोदाम, हमाली, विमा मिळून महिन्याला १५ रुपये धरले तर ६०. झाले ४,७४०. याला ०.९७८नं भागा, ४,८४७ येतात. म्हणजे भाव ३५० रुपये वाढला तरी हाती जवळजवळ शून्य. खरेदीच्या वेळी ओलीची घट भावातून कापून घेतली असेल तर एवढा भार येत नाही, पण ती कापली आहे की नाही हे सौदापत्रकात स्पष्ट हवं. तोंडी ‘ओल बघून घेऊ’ म्हणजे ओल तुमच्या खात्यात.

हरभऱ्याचं उलटं आहे. ओल १०-११ टक्क्यांच्या आत असली तरी भुंगा शेतातूनच अंड्यांच्या रूपात येतो. मार्चात माल स्वच्छ दिसतो. एप्रिल-मेच्या उकाड्यात पिढ्यांमागून पिढ्या निघतात आणि जूनमध्ये पोत्याला हात लावला की पांढरी पूड. म्हणून हरभरा आत येण्याआधीच गोदाम झाडून भिंती-फरशीवर औषध मारायचं. मॅलेथिऑन ५० टक्के ईसी असेल तर १ भाग औषध १०० भाग पाण्यात, १०० चौरस मीटरला ३ लिटर, दर १५ दिवसांनी. डेल्टामेथ्रिन २.५ टक्के पावडर असेल तर लिटरला ४० ग्रॅम, तेवढ्याच जागेला ३ लिटर, आणि ते तीन महिने चालतं. हे भिंतीवर, वाटांमध्ये आणि थप्पीच्या बाहेरच्या बाजूनं मारायचं, दाण्यावर कधीच नाही. जुना बारदाना उन्हात तापवून, झटकून घ्या. अर्ध्या वेळा कीड त्याच्याच शिवणीत लपून आत येते.

धुरी म्हणजे अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाइड. ३ ग्रॅमची गोळी, टनाला ३ गोळ्या, थप्पीवर वायू न गळणारं जाड आवरण, कडांना वाळूच्या नळकांड्या आणि ७ दिवस बंद. प्रमाण सांगितलं ते धुरी देणारा नीट काम करतोय का हे तुम्हाला बघता यावं म्हणून. स्वतः करू नका. हे परवानाधारक माणसाचंच काम आहे. या गोळीतून निघणारा फॉस्फिन माणूस मारतो, आणि शेडच्या पातळ भिंतींमधून, पत्र्याच्या फटींतून तो शेजारी जातो. औद्योगिक भागातल्या शेडना लागून कामगार झोपतात. पालद्याच्या शेडच्या पाठीमागं कोणी राहत असेल तर तिथं धुरीचा विषय काढायचाच नाही. हा एकच मुद्दा हरभऱ्यासाठी वेअरहाउस निवडायला मला पुरेसा वाटतो. धुरीनं त्या वेळची कीड मरते, पण तिचा मागं काही असर उरत नाही. आठ दिवसांनी शेजारच्या पोत्यातून नवी कीड येऊ शकते, म्हणून फवारणी चालू ठेवावी लागते.

वेअरहाउसमध्येही प्रकार आहेत, आणि व्यापारात त्यांची कामं वेगवेगळी. एक सरकारी महामंडळांची: केंद्रीय भंडारण निगम १९५७पासून आहे, आणि राज्याचं मध्य प्रदेश वेअरहाउसिंग अँड लॉजिस्टिक्स कॉर्पोरेशन. दुसरी खासगी. मध्य प्रदेशात अनेक खासगी वेअरहाउस सरकारी खरेदीचा गहू ठेवायला राज्य महामंडळाशी भागीदारीनं जोडलेली असतात. याचा तुमच्यावर थेट परिणाम होतो. मार्च-एप्रिलला गव्हाचं उपार्जन, म्हणजे सरकारी खरेदी, सुरू झालं की इंदूर, देवास, उज्जैन या पट्ट्यातली चांगली गोदामं आठ-दहा दिवसांत भरतात आणि १५ टन हरभरा घेऊन फिरणाऱ्या माणसाला जागा मिळत नाही. हरभऱ्याची जागा फेब्रुवारीतच बोलून ठेवा. त्याच हंगामात पोलादी सायलो आणि चबुतऱ्यावर ताडपत्री झाकलेल्या थप्प्या, ज्यांना इथं ‘ओपन कॅप’ म्हणतात, दिसतील. ती मोठ्या प्रमाणातल्या गव्हाची सोय आहे. तुमच्या कामाची नाही.

खासगीमध्ये तुम्हाला शोधायचंय ते डब्ल्यूडीआरए, म्हणजे भांडारण विकास आणि नियामक प्राधिकरणाकडे नोंदलेलं गोदाम. कायदा २००७चा, प्राधिकरण २०१०चं. अशा गोदामातून इलेक्ट्रॉनिक परक्राम्य पावती मिळते, तिला ई-एनडब्ल्यूआर म्हणतात. २०१९पासून ही पावती फक्त इलेक्ट्रॉनिकच निघते, आणि ती एनईआरएल किंवा सीसीआरएल या दोन रिपॉझिटरींपैकी एकीत तुमच्या खात्यावर जमा होते, शेअर डीमॅटला असतात तशी. ‘परक्राम्य’चा अर्थ, माल न हलवता पावती दुसऱ्याच्या नावावर करून माल विकता येतो. वाहतूक वाचते, दोन वेळची हमाली वाचते, आणि पोत्यांची मोडतोडही.

बँक याच पावतीवर पैसे देते. प्रमाण बँकेप्रमाणे बदलतं, साधारण मालाच्या किमतीच्या ७० टक्क्यांच्या आसपास धरून चला. १८ लाखांच्या सोयाबीनवर साडेबारा लाखांच्या आसपास हातात आले की त्यातून हरभऱ्याची खरेदी होते. व्यापारात वेअरहाउसची खरी जागा ही आहे. बंद पडलेलं भांडवल त्यामुळं फिरतं होतं. पण दोन गोष्टी आधी समजून घ्या. बँकेचा बोजा रिपॉझिटरीत चढला की बँकेनं सोडल्याशिवाय एक पोतंही बाहेर येत नाही, तेव्हा भाव चढला म्हणून रात्रीत गाडी भरता येणार नाही. आणि भाव पडला तर बँक फरकाचे पैसे मागते. ते जमवायची ताकद नसेल तर उचल कमी घ्या. पावतीला मुदत असते, ती संपायच्या महिनाभर आधीच नूतनीकरणाचं बघा.

एक मधला प्रकारही आहे. बँक एखाद्या कोलॅटरल मॅनेजर (तारण मालाची राखण करणाऱ्या) कंपनीला तुमच्याच गोदामावर बसवते. माल तुमच्या शेडमध्येच राहतो, पण कुलपं दोन आणि रजिस्टर त्यांच्या माणसाकडे. त्यांचा खर्च तुमच्या माथी येतो, म्हणून ५०-६० टनांसाठी हे परवडत नाही. जिनिंग, डाळ मिल, प्लांट यांच्यासाठी ठीक.

वेअरहाउसला माल देताना भांडण कुठं होतं, तर घट आणि प्रत यांवर. पावतीवर आत येतानाची ओल, डागीचं प्रमाण आणि निव्वळ वजन लिहिलंय का बघा. नुसती ‘८०० पोती सोयाबीन’ असली पावती म्हणजे भांडणाची दावत. ओल कमी झाल्यानं होणारी घट किती मान्य, तेही आधीच लिहून घ्या. आणि नमुना सीलबंद करून एक तुमच्याकडे, एक त्यांच्याकडे ठेवायचा.

आता लसूण. इथं सर्वांत जास्त लोक चुकतात, म्हणून थोडं सविस्तर सांगतो. ‘कोल्ड स्टोरेजमध्ये टाकला की टिकतो’ हे अर्धसत्य. इंदूरच्या आसपासची बरीचशी कोल्ड स्टोरेज बटाट्यासाठी बांधलेली आहेत. तिथं तापमान २ ते ४ अंश आणि हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांच्या वर ठेवतात, कारण बटाटा सुकू द्यायचा नसतो. लसणाला हवं ० अंशाच्या आसपास तापमान आणि ६० ते ७० टक्के आर्द्रता. बटाट्याच्या खोलीत लसूण ठेवला तर तळाला मुळं फुटतात, मानेत काळी बुरशी धरते, आणि बटाट्याला लसणाचा वास लागतो तो वेगळाच. ५ ते १८ अंशांच्या मधे तर लसणाला कोंब सर्वांत लवकर येतो, म्हणजे ‘थोडं थंड’ ठेवणं हे न ठेवण्याहून वाईट. तेव्हा कोल्ड स्टोरेजवाल्याला ‘जागा आहे का’ एवढंच विचारू नका. लसणाची वेगळी, कोरडी खोली आहे का आणि तिथली आर्द्रता किती ठेवता, हे विचारा. हायग्रोमीटर दाखवायला तो कां-कूं करू लागला तर उत्तर मिळालंच.

बटाट्याचं एक जाता जाता. चिप्सचा बटाटा ३-४ अंशांत ठेवला की स्टार्चची साखर होते आणि तळल्यावर चिप्स काळ्या पडतात. नमकीनवाल्यांना द्यायचा माल १०-१२ अंशांच्या खोलीत, कोंब रोखायचं औषध देऊन ठेवतात. इंदुरात हा व्यापार मोठा आहे, पुढं त्यात शिरलात तर उपयोगी पडेल.

तुमच्या ७ टनांपैकी किती थंड्यात ठेवायचा, ते तुम्ही कधी विकणार यावर आहे. जूनच्या शेवटापर्यंत विकणार असाल तर हवेशीर साध्या जागेत, जाळीच्या गोण्यांत, लाकडी फळ्यांवर, दोन-तीन गोण्यांपेक्षा उंच न लावता ठेवला तरी चालतो. वजन घटेल, पण थंड्याचा खर्च वाचेल. पावसाळा ओलांडायचा असेल तर कोरड्या थंड खोलीशिवाय पर्याय नाही. जुलै-ऑगस्टची हवाच इतकी दमट असते की पंखे लावून काही होत नाही. आत घालण्याआधी गड्ड्याची मान चिमटीत धरून बघा. ओलसर, मऊ लागली तर आठ-दहा दिवस सावलीत वाळवा. चोईथराम मंडीत घाईनं आणलेला ताजा माल नेहमी असाच असतो. आणि बाहेर काढताना एकदम उन्हात काढू नका, थंड गड्ड्यावर दव धरतं. आधी मधल्या खोलीत एक दिवस, मग गाडीत. थंड्यातून निघालेला लसूण लवकर कोंबतो, तेव्हा गिऱ्हाईक ठरल्यावरच तेवढ्या गोण्या काढा.

लसूण आणि हरभरा एकाच बंद गोदामात कधी ठेवू नका. डाळ मिलवाला पोतं उघडून वास घेतो, आणि भाव तिथंच ठरतो.

कंपन्यांचे सी अँड एफ डेपो (कंपनीचा माल ठेवून पुढं वितरकांना पाठवणारे), देवास नाक्याची ट्रान्सशिपमेंट गोदामं, ऑनलाइन विक्रीची केंद्रं, यांबद्दल तुम्हाला आत्ता एवढंच पुरे. १ जुलै २०१७ला जीएसटी आला त्याआधी केंद्रीय विक्रीकर वाचवायला कंपन्या प्रत्येक राज्यात डेपो ठेवत. आता डेपो कर वाचवायला नाही, माल लवकर पोहोचवायला ठेवतात. अशा गोदामात माल थांबतो तो तोट्यात. तुमचा धंदा थांबण्याचाच आहे, त्यामुळं त्यांच्या १० मीटर उंचीच्या रॅकिंगवाल्या शेडचा किराया भरून तुम्हाला काही मिळणार नाही.

बॉन्डेड वेअरहाउस म्हणजे कस्टम्सच्या परवानगीचं गोदाम, जिथं आयात माल ड्यूटी न भरता ठेवता येतो. १९६२च्या कस्टम्स कायद्यात कलम ५७ खाली सार्वजनिक आणि ५८ खाली खासगी असे परवाने आहेत. पीथमपूर-टीही बाजूला कंटेनर डेपो असल्यानं इंदूरच्या आयातदाराला बंदरावर अडकून राहावं लागत नाही. माल आत जाताना गोदामासाठीची बिल ऑफ एन्ट्री (कस्टम्सला द्यायचं आयातीचं घोषणापत्र) आणि ड्यूटीच्या तिप्पट रकमेचा बाँड, म्हणजे हमीपत्र, द्यायचा. मग लागेल तेवढा माल एक्स-बॉन्ड बिलानं, त्या भागाची ड्यूटी भरून काढायचा. लोक विसरतात ते असं की ड्यूटीचा दर माल आला त्या दिवशीचा लागत नाही, एक्स-बॉन्ड बिल दाखल केलं त्या दिवशीचा लागतो. मधे अर्थसंकल्प आला आणि दर वाढला तर वाढीव भरा. ९० दिवसांनंतर ड्यूटीवर १५ टक्क्यांनी व्याज सुरू, साधारण मुदत एक वर्ष, आणि खराब होणारा माल असेल तर ती कमीही करतात.

लहान आयातीला हे परवडतं का, ते आकड्यात बघा. ड्यूटी आणि आयजीएसटी (आयातीवर लागणारा जीएसटी) मिळून १० लाख धरा. तीन महिने पुढं ढकलले तर १२ टक्क्यांनी ३०,००० वाचतात, आणि माल दर आठवड्याला थोडा थोडा काढणार असाल तर त्याच्या निम्मेच. त्यातून बॉन्डेड गोदामाचा जादा दर, क्लिअरिंगवाल्याची दर खेपेची फी आणि बाँडचा खर्च वजा करा. एक-दोन कंटेनरच्या मिरीवर ड्यूटी भरून माल मोकळा केलेलाच बरा.

कागदांचं थोडक्यात. शेड घेतलीत तर जीएसटी नोंदणीत तिला जादा व्यवसायस्थळ म्हणून जोडा, नाहीतर तपासणीत तो माल बेहिशेबी ठरतो. शेडच्या किरायावर १८ टक्के जीएसटी आहे, आणि मालक नोंदलेला नसला पण तुम्ही नोंदलेले असलात तर ऑक्टोबर २०२४पासून तो रिव्हर्स चार्जनं तुम्हीच भरायचा. शेतमालाच्या साठवणुकीच्या सेवेवर मात्र जीएसटी नाही. हा फरकही जागा आणि राखण यांतलाच. सुट्या हरभऱ्याच्या विक्रीवर कर नसल्यानं किरायावर भरलेल्या कराचं तेवढ्या भागाचं क्रेडिटही मिळत नाही. मंडीबाहेर माल नेताना अनुज्ञा पत्र, गोदामासाठी एफएसएसएआय या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा साठवणूक परवाना, आणि हरभऱ्यासाठी साठा मर्यादेवर लक्ष. जून ते सप्टेंबर २०२४मध्ये हरभऱ्याला घाऊक व्यापाऱ्यासाठी २०० टनांची मर्यादा होती. तुमचे १५ टन तिच्या आसपासही नाहीत, पण मर्यादा लागते तेव्हा साठा पोर्टलवर जाहीर करावा लागतो.

विमा कमी रकमेचा काढू नका. माल २५ लाखांचा आणि विमा १५ लाखांचा असेल, आणि ५ लाखांचं नुकसान झालं, तर कंपनी सरासरीच्या कलमानं ३ लाखच देते. आपोआप पेटण्याचा धोका साध्या आगीच्या विम्यात येत नाही, तो वेगळा जोडून घ्यावा लागतो. सोयाबीनला सहसा गरज नाही, पण ढेप किंवा डीओसी (तेल काढून उरलेली पेंड) ठेवणार असाल तर नक्की घ्या. वेअरहाउसमध्ये माल असेल तर त्यांच्या विम्याची प्रत मागा आणि पूर, चोरी, अफरातफर त्यात आहे का ते वाचा.

माझ्या मते पहिल्या वर्षी पालद्याची शेड सोडा. सोयाबीन १२ टक्क्यांच्या आतला, दोन वेगळ्या थप्प्यांत, डब्ल्यूडीआरए नोंदणीच्या गोदामात द्या. हरभऱ्यालाही तिथंच फेब्रुवारीत जागा राखा. लसणापैकी ४ टन जूनपर्यंत विकून टाका, उरलेल्या तिनाला कोरडी थंड खोली मिळाली तरच पुढं न्या, नाहीतर तोही विका. रोजची प्रतवारी करायला काकांच्या दुकानामागं २००-२५० फुटांची जागा असेल तर ती पुरते.

लसूण देशी घेणार आहात, ऊटी की रियावनचा, हे कळवा. आणि काकांकडून मागच्या ऑक्टोबरच्या सौदापत्रकांवरचे ओलीचे आकडे मिळाले तर तेही पाठवा. घटीचा हिशेब मग अंदाजानं धरावा लागणार नाही.